आकडे वाचता आले, गाणं आलं नाही

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा मोठा मुलगा पुण्याहून मुरुमला आला, तेव्हा त्याच्या पाठीवर एक लांबलचक काळी पिशवी होती. एसटीतून उतरून घरी येईपर्यंत चार जणांनी विचारलं, "काय आणलंस रे?" पिशवीतून निघाली बेस गिटार. कॉलेजात त्याच्या मित्रांचा रॉक बँड होता. शेवटच्या वर्षाची मुलं नोकरीधंद्याला पांगली, बँड मोडला, आणि त्यांच्यातल्या एकाची जुनी बेस याने शिकवण्यांच्या पैशातून घेतली. माझ्या अम्मीने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "इत्ती बडी, और तारां चारच?"

आधीच सांगतो, आमच्या घरात संगीताविषयी एकमत नाही. जायज की नाजायज हा वाद मी इथे उकरणार नाही. त्यावर माझ्यापेक्षा जाणती माणसं बोलत आली आहेत. अम्मीने एकच अट घातली, अजान झाली की पेटीत बंद. ती अट आम्ही पाळतो. आज लिहायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. सेहेचाळिसाव्या वर्षी, उर्दू-मराठी शिकवण्यात उमर घातलेल्या एका बीएड मास्तराला या चार तारांनी स्वतःच्याच धंद्याबद्दल जे दाखवलं, त्यावर.

बेस म्हणजे खर्ज. तबल्यात जे काम डग्गा करतो, ते रॉकच्या गाण्यात ही करते. तिचा आवाज वेगळा उठून दिसत नाही, पण काढून घेतला की गाणं पोकळ वाटतं. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने 1951 मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. त्याआधी खर्जासाठी माणसाएवढं उभं वाद्य लागे आणि त्याला पडदे नसत. स्वर कुठे आहे ते बोटानेच शोधायचं. फेंडरने सतारीसारखे पडदे बसवले. बोट पडद्यामागे ठेवलं की स्वर नेमका लागतो, म्हणून नाव 'प्रिसिजन'. सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. विजेची जोड नसेल तर आवाज अगदी बारीक येतो. पहिले काही दिवस आमच्याकडे अँप्लिफायर नव्हता. मुलाने युक्ती दाखवली, गिटारीचं टोक लाकडी कपाटाला टेकवायचं. कपाट बोलायला लागतं.

सुट्टी लांब होती, ऊन मरणाचं होतं. मी म्हटलं, मलाही शिकव. त्याने मोबाइलवर एक पान उघडून दिलं. त्यावर टॅब्लेचर होतं, ज्याला सगळे 'टॅब' म्हणतात.

टॅब समजायला पाच मिनिटं लागतात. चार आडव्या रेघा म्हणजे चार तारा. सर्वांत खालची रेघ म्हणजे सर्वांत जाड तार. इथे पहिली गफलत होते, कारण गिटार हातात धरली की जाड तार आपल्या तोंडाकडे, म्हणजे वर असते, आणि कागदावर ती खाली. रेघेवर आकडा असतो तो पडद्याचा. 0 म्हणजे तार मोकळी सोडायची, 3 म्हणजे तिसऱ्या पडद्यामागे बोट. 'एक्स' असेल तर तार दाबून नुसता 'टक' असा आवाज. तिरपी रेघ असेल तर बोट घसरवायचं. सा-रे-ग-म माहीत नसलं तरी चालतं. टॅब स्वराचं नाव सांगतच नाही, फक्त जागा सांगते.

हे काही परदेशी खूळ नाही. आपल्याकडच्या भजनी मंडळात किंवा कव्वालीच्या बैठकीत पेटीवाला गाणाऱ्याला काय विचारतो? "पट्टी कोणती?" आणि उत्तर येतं, "काळी एक" नाहीतर "पांढरी चार". त्यात स्वराचं नाव कुठे आहे? बोट कुठे ठेवायचं तेवढंच आहे. त्याच भाषेत सांगायचं तर बेसच्या चार तारा जाडीकडून बारकाईकडे अशा लागतात: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. इंग्रजीत त्यांनाच ई, ए, डी, जी म्हणतात. जाड तारेवर पाचव्या पडद्यावर बोट ठेवलं की तिच्या शेजारच्या मोकळ्या तारेचाच स्वर निघतो. पुढच्या तारांचंही तसंच. त्यावरूनच तारा जुळवतात. म्हणजे एकच स्वर तीन-तीन ठिकाणी सापडतो. 'पांढरी दोन' घ्या. तो तिसरी तार मोकळी सोडूनही मिळतो, दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावरही आणि पहिलीच्या दहाव्यावरही. कोणती जागा सोयीची हे टॅब सांगून टाकते. नवशिक्याला ही फार मोठी मदत आहे.

मुलाने पहिलं गाणं निवडलं आयर्लंडच्या यू-टू या बँडचं, 'विथ ऑर विदाउट यू', 1987 सालचं. अॅडम क्लेटनने वाजवलेली त्यातली बेस म्हणजे चार स्वरांचं चक्र: पांढरी दोन, सहा, सात, पाच. प्रत्येक स्वर आठ-आठ वेळा, आणि पुन्हा पहिल्यापासून. टॅबवर पाचाचा आकडा आठ वेळा, मग पुढचा आठ वेळा. मी तासाभरात सगळे आकडे बरोबर दाबले. एकही चुकला नाही. मोठ्या अभिमानाने मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "अब्बू, तुमे आकडे पढ रै. गाना नै बजा रै."

मला राग आला. चूक दाखव म्हटलं. त्याला आकड्यात चूक दाखवता येईना, कारण ती नव्हतीच. मग त्याने मूळ गाणं लावलं आणि मला त्यावर वाजवायला सांगितलं. दुसऱ्याच आवर्तनात गाणं एकीकडे आणि मी एकीकडे.

टॅबचं दुखणं हेच आहे. बोट कुठे ठेवायचं ते सांगते, किती वेळ ठेवायचं ते सांगत नाही. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या बहुतेक टॅब म्हणजे साध्या टाइपिंगच्या खुणा, आडव्या रेघा आणि आकडे. कुठल्याही कीबोर्डवर ते टाइप करता येतात, म्हणूनच इतके पसरले. पण लयीच्या खुणा त्यात सहज बसत नाहीत, म्हणून गळाल्या. दोन आकड्यांमधलं अंतर पाहून अंदाज बांधायचा, बस्स. शिवाय त्या कोणीही लिहितो, चुकीच्याही पुष्कळ असतात. गाणं आधीच कानात असेल तर चूक पकडता येते आणि अंदाजही बरोबर बसतो. गाणं कानात नसेल तर टॅब म्हणजे पत्ता आहे, पण कधी पोहोचायचं ते माहीत नाही.

आता या टॅबवर दोन तऱ्हेची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतो, ही नक्कल आहे, आळशी लोकांचा रस्ता. खरं शिकायचं तर पाश्चात्त्य पाच रेघांची लिपी शिका किंवा उस्तादापुढे बसा. दुसरा म्हणतो, आता उस्तादाची गरजच काय, मोबाइलवर सगळं आहे. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिल्याला माझा सवाल आहे, मुरुममध्ये बेसचा उस्ताद आणायचा कुठून? पुण्या-मुंबईत क्लास असतील. आमच्याकडे गिटारीची तार तुटली तरी दुसऱ्या गावी जावं लागतं. ज्याच्या दारात उस्ताद नाही, त्याच्यासाठी कागदावरची खूण ही पहिली पायरी असते, आणि तिला नावं ठेवणं म्हणजे दार लावून घेणं. हा वाद नवाही नाही. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली आणि स्वतःची स्वरलिपी तयार करून मुलांना शिकवलं. पुढे मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी रामपूर, जयपूरच्या उस्तादांकडून चिजा मिळवल्या, लिहून काढल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांत मराठीत छापली. पुस्तकातून कुठे गाणं येतं का, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण ज्या चिजा एका घराण्याच्या चार भिंतींत होत्या, त्या त्या पुस्तकांमुळे कारकुनाच्या आणि शिक्षकाच्या घरी पोहोचल्या. उस्तादांचं देणं आणि पंडितांचं लिहिणं, दोन्ही मिळून ते काम झालं.

आणि 'हे साहेबांचं संगीत, आपलं नव्हे' म्हणणाऱ्यांसाठी थोडं. युरोपात ल्यूट या वाद्यासाठी टॅब्लेचर लिहीत. व्हेनिसला 1507 मध्ये छापलेलं त्याचं पुस्तक प्रसिद्ध आहे. ल्यूट हा शब्दच अरबी 'अल-ऊद' वरून आला. त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, बगदादच्या सफीउद्दीन अल-उर्मवी यांनी 'किताबुल अदवार' मध्ये सुरावट लिहिली ती अक्षरांनी आणि आकड्यांनी. अक्षर स्वर सांगे, आकडा त्याची लांबी. म्हणजे आज मोबाइलवरच्या टॅबमध्ये जे गळालंय, ते त्या माणसाने सातशे वर्षांपूर्वी मांडलं होतं. व्हेनिसच्या पुस्तकातही आकड्यांच्या डोक्यावर वेळेच्या खुणा आहेत. भातखंड्यांच्या लिपीत तर मात्रा, सम, खाली सगळं दाखवलेलं असतं. ज्यांनी ज्यांनी मन लावून लिपी केली, त्यांनी काळ लिहिला.

दुसऱ्या मताबद्दल, म्हणजे मोबाइल पुरेसा आहे म्हणणाऱ्यांबद्दल, माझा अनुभव सांगतो. पहिली अडचण म्हणजे मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला इतका खालचा खर्ज काढताच येत नाही. मी आठवडाभर जे गाणं 'ऐकत' होतो, त्यात बेस जवळजवळ नव्हतीच. कानात चांगला इअरफोन घातला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तळाशी एक माणूस संथपणे चालतो आहे. दुसरी अडचण लयीची, आणि ती मोबाइलने नाही, शेजाऱ्याने सोडवली.

आमच्या शेजारी भजनी मंडळात ढोलकी वाजवणारे एक काका आहेत. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून माझी धडपड त्यांच्या कानावर जात असणार. एक दिवस चहाला आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही आकडा संपवायची घाई करता. जरा दम धरा." त्यांना इंग्रजी गाणं माहीत नव्हतं. मी ते लावलं. त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि स्टुलावर बोटांनी केरवा धरला. आठ मात्रांचा केरवा, आणि गाण्यात एकेका स्वराचे आठ ठोके! एका आवर्तनाला एक स्वर. मी आकडे पाहणं सोडलं आणि त्यांच्या बोटांकडे पाहिलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी आणि गाणं शेवटपर्यंत बरोबर राहिलो. आयर्लंडचं गाणं मुरुमच्या ढोलकीवाल्याने मला शिकवलं. तेव्हा उस्ताद नको असं मी कसं म्हणू? उस्ताद बेसचाच असला पाहिजे असं मात्र नाही. ज्याचा कान तयार आहे तो उस्ताद.

रॉकचं आणि आपलं नातं तसं फार लांबचंही नाही. क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे जंजिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा. तो शिकला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. रेडिओवर ऐकलेलं गाणं हा पियानोवर जसंच्या तसं उतरवायचा, असं त्याचे शाळासोबती सांगत आले आहेत. आधी कान, मग हात. त्याच क्वीनचं 1980 सालचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे बेस शिकणाऱ्यांचं आवडतं गाणं. ते त्यांचा बेसवादक जॉन डीकन याने लिहिलं. माझ्या मुलाने ते मला दुसरं म्हणून दिलं. टॅबवर मोजके आकडे दिसतात आणि वाटतं, किती सोपं. पण त्या गाण्याची सगळी जान स्वरांच्या मधल्या शांततेत आहे, आणि टॅबवर शांततेला आकडा नसतो.

आता मूळ मुद्दा. मी हे सगळं गिटारीसाठी लिहीत नाहीये.

उर्दू लिहिताना आपण जेर, जबर, पेश बहुधा लिहीत नाही. व्यंजनं लिहितो, स्वर वाचणाऱ्याने भरायचे. मीम, लाम, काफ ही तीन अक्षरं घ्या. मुल्क वाचा, देश झाला. मलिक वाचा, राजा. मलक वाचा, फरिश्ता. मिल्क वाचा, मालमत्ता. कागदावर चारही सारखेच. मराठी वाचणाऱ्यांना हे नवल वाटेल, कारण देवनागरीत काना-मात्रा-वेलांटी समोर असते. उर्दू वाचणारा मात्र वाक्यावरून ओळखतो, आणि ओळखतो कारण तो शब्द त्याने आधी ऐकलेला असतो. म्हणजे आमची उर्दूची लिपी हीसुद्धा एक टॅबच. जागा दाखवते, सूर तुमच्या कानात असावा लागतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. धडा वाचताना जिथे 'मुल्क' होतं तिथे तिने 'मलिक' वाचलं. वर्ग हसला. मीही हसलो. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. मी रागावलो, "अक्षरं बघ की नीट!" ती रडकुंडीला येऊन अक्षरांवर बोट ठेवत म्हणाली, मीम, लाम, काफ. अक्षरं अगदी बरोबर होती. वर्षाच्या शेवटी मी तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'वाचन कच्चे'.

कपाटाला गिटार टेकवून बसलो असताना, "आकडे पढ रै" हे मुलाचं वाक्य डोक्यात घुमत असताना, मला ती मुलगी आठवली. मलिक हे तिच्या गल्लीतलं आडनाव. तो शब्द तिच्या कानात होता. 'मुल्क' तिने कुठे ऐकला असेल? तिच्या घरी दखनी बोलतात, देशाला देशच म्हणतात. मुरुममधल्या आमच्या बहुतेक मुलांचं असंच आहे. घरी दखनी, गल्लीत मराठी, बाजारात थोडी कन्नडही, आणि पुस्तकातली उर्दू ही तिसऱ्याच मुलखातली. आम्ही त्यांच्या हातात न ऐकलेल्या गाण्याची टॅब देतो आणि म्हणतो, वाजव. मूल आकडे बरोबर दाबतं, आणि आम्ही त्याला बेसूर ठरवतो.

गंमत म्हणजे मकतबात आम्ही ही चूक करत नाही. कुरआनाच्या छापील प्रतीत जेर-जबर सगळं असतं, तरी कोणी नुसतं पाहून शिकत नाही. उस्ताद आधी म्हणतो, मूल मागून म्हणतं, मग बोट अक्षरावर जातं. आठवड्याचे सगळे दिवस हे डोळ्यांसमोर घडत असतं, आणि शाळेत येऊन आम्ही म्हणतो, "चल, उभा राहा, वाच."

या जूनपासून मी एक बदल केला आहे. नवा धडा मुलांनी उघडण्याआधी मी तो दोनदा मोठ्याने वाचतो, पुस्तकं मिटलेली. तिसऱ्यांदा पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवून. अवघड शब्द आधी दखनीत काय आहे ते मुलांनाच विचारतो. मग त्यांची पाळी. जास्त वेळ जातो, अभ्यासक्रम मागे राहतो, वरून विचारणाही होते. पण वर्गातलं हसू कमी झालंय, म्हणजे त्या जातीचं हसू. पालकांनाही माझं सांगणं आहे, तुम्हाला स्वतःला उर्दू चांगली वाचता येत नसेल तरी घरातल्या कोणीतरी, दादी असो की मोठी बहीण, रोज दहा मिनिटं मुलाला काहीतरी वाचून दाखवा. मराठी पुस्तकाचंही तसंच. मुलांना अक्षरं कळत नाहीत अशी ओरड सगळीकडे आहे. पुष्कळांना अक्षरं कळतात. त्यांनी गाणं ऐकलेलं नाही.

ती मुलगी आता इथे नाही. तिच्या वडिलांनी पुण्याला काम धरलं आणि कुटुंब तिकडे गेलं. माझा शेरा तिच्या दप्तरात गेला असेल. तो खोडायला मी तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही, आणि हे लिहून तो खोडला जात नाही हेही मला कळतं.

मुलगा सुट्टी संपवून परत गेला. बेस मात्र ठेवून गेला, म्हणाला, वसतिगृहात जागा नाही. मला वाटतं त्याने मुद्दाम ठेवली. आता रात्री इशानंतर कधीकधी अर्धा तास मी इअरफोन घालून तीच चार स्वरांची फेरी वाजवतो. सहावरून सातवर जाताना अजूनही पाय घसरतो, घाई होते. टॅब बंद असते. कधी भिंतीपलीकडून बोटांचा केरवा ऐकू आला की कळतं, काकाही जागे आहेत.